गिटारचें ध्वनिमुद्रण आणि अदृश्य ध्वनिवर्धक

विजेवर वाजणारी गिटार हें वाद्य मुळांत अगदीं अबोल आहे. सतारीला भोपळा असतो, सारंगीला पोकळ पोट असतें, भिक्षेकऱ्याच्या एकतारीलाहि निदान एक तुंबा असतो; या गिटारला मात्र बहुधा लांकडाची भरीव फळी तेवढी असते. वीज न जोडतां तिची तार छेडली तर शेजारच्या खोलींत बसलेल्या माणसाला तिचा पत्ताहि लागत नाहीं. पोलादी तारांच्या खालीं लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचीं हजारों वेटोळीं गुंडाळलेलीं असतात. वरची तार थरथरली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेटोळ्यांत अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. या साधनास पिकअप म्हणतात. वाद्याचें काम येथें संपलें. पुढें जें कांहीं आपणांस ऐकूं येतें, तो गोडवा, तें गुरगुरणें, तो चिरत जाणारा लांब स्वर, तें सर्व ध्वनिवर्धकांत आणि स्पीकरच्या पेटींत घडतें. म्हणून ध्वनिवर्धक हा येथें नुसता आवाज वाढविणारा नोकर नव्हे. तो या वाद्याचा भोपळाच होय. असा भोपळा जवळ नसतां केवळ संगणकांतील गणिताच्या बळावर तो कसा निर्माण करावा, आणि घरच्या घरीं गिटारचें ध्वनिमुद्रण नीट कसें साधावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

स्पीकर एवढा मोठा फरक पाडतो काय, अशी शंका कोणास आली तर तिचें उत्तर आपल्या प्रत्येकाच्या कानांत आधींच सांठविलेलें आहे. लग्नाच्या मांडवावर किंवा गणपतीच्या दिवसांत झाडाला बांधलेल्या भोंग्यांतून येणारें गाणें आठवावें. तेंच गाणें घरच्या रेडिओवर निराळें वाटतें, मोटारींत निराळें, आणि मोबाइलच्या कडेच्या छिद्रांतून आणखी निराळें. गायक तोच, मुद्रण तेंच. भोंगा खालचे जाड स्वर जवळजवळ गिळून टाकतो, मधल्या पट्टींतले पुढें ढकलतो आणि शब्दांना एक नाकांतला धारदारपणा देतो. म्हणूनच तर दूरच्या शिवारांतहि गाणें ओळखूं येतें. मेहकर, चिखली, खामगांव, कोणत्याहि गांवीं वाढलेल्या माणसास डोळे मिटूनहि हा आवाज भोंग्याचा, असें सांगतां येईल. यालाच त्या स्पीकरचा स्वभाव म्हणावयाचें.

गिटारच्या स्पीकरलाहि असाच हट्टी स्वभाव आहे. बहुधा तो १२ इंच व्यासाचा, कागदी शंकूचा असतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजली तर दर सेकंदास सुमारें ८२ कंपनें होतात; तेथपासून वर कांहीं हजार कंपनांपर्यंत हा स्पीकर मन लावून बोलतो, आणि ५,००० च्या सुमारास त्याचा आवाज जो उतरूं लागतो तो कडा उतरावा तसा उतरतो. संगीत ऐकण्याचे उत्तम स्पीकर २०,००० कंपनांपर्यंत जातात. त्यांच्या मानानें हा अपुराच म्हणावयाचा. परंतु हीच उणीव गिटारला वरदान झाली आहे. ध्वनिवर्धकावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला म्हणजे आवाज फाटतो आणि त्यांत असंख्य वरचे स्वर उत्पन्न होतात. त्यांतील खरखरीत, टोंचणारा भाग हा कागदी शंकू गाळून टाकतो. जें बाहेर येतें तें वस्त्रगाळ असतें. ती गाळणी काढून घ्यावी आणि फाटलेला आवाज तसाच ऐकावा. डांसांचा थवा कानांत शिरल्याचा अनुभव येतो. नवशिक्यांच्या पुष्कळशा मुद्रणांत हाच थवा ऐकूं येतो, आणि दोष बिचाऱ्या गिटारला दिला जातो.

मग खरा ध्वनिवर्धकच कां आणूं नये? जो आणूं शकतो त्यानें अवश्य आणावा. अडचण किंमतीची आहे, पण त्याहून मोठी अडचण शेजाऱ्यांची आहे. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक हळू आवाजांत आपला रंग दाखवीत नाहीं. तो ताणावा लागतो. तीस वॅटचा ध्वनिवर्धक बऱ्यापैकी कार्यक्षम स्पीकरला जोडून ताणला, तर एक मीटरवर ११५ डेसिबेलांच्या आसपास आवाज होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेलांची मर्यादा घातलेली आहे. भिंतीला भिंत लागलेलीं घरें, माजघरांत दम्याचे आजोबा, पलीकडे दहावीच्या परीक्षेची तयारी. अशा ठिकाणीं हें यंत्र कोणी व कधीं वाजवावें? मुद्रणगृहांत जावें तर बुलढाण्याहून मुंबई चारशें किलोमीटरांहून दूर आहे, आणि तेथील तासांचें भाडें हा निराळाच प्रश्न. तेव्हां जिल्ह्याच्या गांवीं बसून स्वतःची चाल स्वतः मुद्रित करूं पाहणाऱ्या मुलामुलींपुढें एकच वाट उरते, ती म्हणजे कान झांकणारे हेडफोन, एक संगणक, आणि त्यांतील अदृश्य ध्वनिवर्धक. ही वाट दुय्यम नाहीं. हौशी काय नि धंदेवाईक काय, आज अनेक जण हिचाच अवलंब करतात.

नकलेचा बाऊ करणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानांत १९६२ सालीं जो ध्वनिवर्धक तयार झाला, आणि ज्याच्या नांवावर पुढें एक सबंध संगीतप्रकार उभा राहिला, तो मुळांत अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या बासमन नांवाच्या ध्वनिवर्धकाची, इंग्लंडांत मिळतील ते भाग घालून केलेली नक्कलच होती. बासमन तर गिटारसाठीं नव्हे, बास वाद्यासाठीं केलेला. नक्कल करतां करतां नवीन आवाज सांपडला. ध्वनिवर्धकाविना ध्वनिवर्धकाचा आवाज देणारीं छोटीं यंत्रें १९८० नंतरच्या दशकांत आलीं. १९८२ चा रॉकमन आणि १९८९ चा सॅन्सअँप हीं त्यांतलीं नांवाजलेलीं. १९९८ सालीं लाइन सिक्स या कंपनीनें पॉड नांवाचें, मूत्रपिंडाच्या आकाराचें लाल यंत्र काढलें, व त्याच सुमारास संगणकाच्या पोटांत बसणारी अँप फार्म ही आज्ञावलीहि आली. मुख्य मुद्रण-आज्ञावलीच्या आंत अशी जी पोट-आज्ञावली बसते, तिला प्लगइन म्हणतात. गेल्या कांहीं वर्षांत न्यूरल अँप मॉडेलर या नांवाची फुकट आणि सर्वांस खुली असलेली आज्ञावली निघाली आहे. तिच्यांत खऱ्या ध्वनिवर्धकांत सोडलेला आवाज आणि त्यांतून बाहेर पडलेला आवाज हे दोन्ही शेजारीं ठेवून, एकाचें दुसऱ्यांत रूपांतर कसें होतें हें संगणकास शिकविलें जातें. मंडईंत बसून दर ठरविणाऱ्या दलालाला कापसाची जात पाहतांच कळते, पण ती कशी कळली हें त्याला सांगतां येत नाहीं. तसेंच कांहींसें या शिकलेल्या यंत्राचें आहे.

आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळूं. गिटारची केबल संगणकाच्या किंवा मोबाइलच्या बारीक छिद्रांत खुपसून भागत नाहीं. मध्यें ऑडिओ इंटरफेस नांवाची छोटी पेटी पाहिजे, आणि तिच्यावर गिटारचें चित्र किंवा ‘इन्स्ट’ असें अक्षर असलेली कळ दाबलेली पाहिजे. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. पिकअपमधून येणारा प्रवाह फार अशक्त असतो. कमी पाण्याच्या विहिरीवर मोठी मोटर बसविली तर विहीर क्षणांत उपसते, हें वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. साध्या लाइनच्या छिद्राचा अवरोध सुमारें दहा हजार ओहमचा असतो. तें छिद्र पिकअपच्या मानानें मोठीच मोटर आहे, आणि तें पहिल्यांदा उपसतें ते वरचे, चकचकीत स्वर. गिटारच्या खास छिद्राचा अवरोध दहा लक्ष ओहमच्या आसपास असतो. तें फक्त ओंजळभर घेतें. कळ दाबावयाची राहिली तर आवाज घोंगडें पांघरल्यासारखा येतो, आणि पुढें कोणत्याहि प्लगइननें तें घोंगडें नीट निघत नाहीं.

आवाजाची पातळी ठरवितांना शून्य हें छत समजावें. त्या छताला डोकें आपटलें कीं आकड्यांचें मुद्रण फुटतें, आणि तें फुटणें व्हॉल्व्हच्या फुटण्यासारखें गोड नसतें. अगदीं जोरानें वाजवून पाहावें, आणि सर्वांत मोठा आघात उणें १२ ते उणें ६ डेसिबेलांच्या दरम्यान राहील अशा बेतानें पेटीवरचें बटण लावावें. चोवीस बिटांच्या मुद्रणांत याहून वर चढण्याची गरज नसते. एकदां ठरलें म्हणजे त्या बटणाची खूण वहींत लिहून ठेवावी. कारण प्लगइनमधला ध्वनिवर्धक हाहि खऱ्यासारखाच, जास्त जोराचा आवाज आंत आला तर लौकर फाटणारा. आज बटण येथें, उद्यां तेथें, असें झालें तर कालचा आवाज आज सांपडणार नाहीं.

यानंतर येतो विलंबाचा प्रश्न, आणि येथेंच निम्मे लोक कंटाळून गिटार खुंटीला टांगतात. आवाज संगणकांत जाऊन, हिशेब होऊन, परत कानांत येईपर्यंत वेळ लागतो. संगणक नमुने एकेक करून घेत नाहीं, टोपल्या भरून घेतो; या टोपलीला बफर म्हणतात. सेकंदास ४८,००० नमुने घेत असतां १२८ नमुन्यांची टोपली भरण्यास सुमारें २·७ मिलिसेकंद लागतात, १,०२४ नमुन्यांची भरण्यास २१. जातांना एक आणि येतांना एक, शिवाय यंत्राचा स्वतःचा थोडा वेळ. खऱ्या ध्वनिवर्धकापासून एक मीटरवर उभें राहिलें तरी हवेंतून आवाज येण्यास जवळजवळ तीन मिलिसेकंद जातातच, म्हणून दहाच्या आंतला विलंब हाताला सहसा जाणवत नाहीं. चाळीस झाला कीं बोटें अडखळतात. शेगांवची पालखी पंढरीला निघते तेव्हां मागून चालणाऱ्यांनीं हा अनुभव घेतला असेल: टाळकऱ्यांची रांग तीस-चौतीस मीटर लांब असेल तर पुढचा टाळ मागच्याच्या कानीं सेकंदाच्या दहाव्या भागानें उशिरां पडतो, आणि मागचे लोक कानापेक्षां डोळ्यांवर, पुढच्याच्या हातावर लक्ष ठेवून ताल धरतात. गिटारवाल्याला ती सोय नाहीं. वाजवितांना टोपली ६४ किंवा १२८ ची ठेवावी. मुद्रण संपून मिश्रणास बसल्यावर ५१२ किंवा १,०२४ करावी, म्हणजे संगणकाचा दम राहतो. विंडोज असलेल्या संगणकावर इंटरफेसच्या कंपनीनें दिलेला आसिओ ड्रायव्हर घालणें अत्यावश्यक आहे. सामान्य ड्रायव्हरवर विलंब पुष्कळदां असह्य होतो.

आतां ध्वनिवर्धकाचें प्लगइन. मुद्रणासाठीं रीपरसारखी आज्ञावली घ्यावी, ती साठ दिवस पारखण्यास मिळते. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच आहे आणि तिच्यांत ध्वनिवर्धकहि आहेत. प्लगइन उघडलें कीं शंभर चित्रें समोर येतात, आणि मन बाजारांत गेलेल्या पोरासारखें होतें. माझें मत असें कीं आरंभीं एकच साधा, स्वच्छ आवाजाचा ध्वनिवर्धक घ्यावा व महिनाभर त्याचींच बटणें फिरवावीं. गेनचें बटण, म्हणजे आवाज किती फाडावयाचा तें ठरविणारें बटण, मनाला वाटतें त्याहून बरेंच कमी ठेवावें. एकट्यानें वाजवितांना जो आवाज भरदार वाटतो, तो ढोलकी, पेटी आणि गाणें यांच्या शेजारीं बसवितांच चिखल होतो.

येथें तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानांची एक रास्त तक्रार नोंदवून ठेवितों. गिटारच्या पडद्यांवरचा गांधार शुद्ध गांधारापेक्षां किंचित् चढा असतो. स्वच्छ आवाजांत तो खपून जातो. परंतु आवाज फाडला कीं दोन स्वरांच्या संयोगानें नवे स्वर जन्मतात, आणि षड्ज-गांधाराची जोडी गुरगुरूं लागते. षड्ज-पंचम मात्र फाटल्यावरहि ताठ उभा राहतो, कारण त्या दोहोंच्या कंपनसंख्यांतील अंतर खालच्या षड्जावरच येऊन बसतें. फाटक्या आवाजाच्या गिटारींत सा-प चीच जोडी एवढी कां वाजते याचें हें एक कारण आहे.

प्लगइनमध्यें ‘ओव्हरसॅम्पलिंग’ असें एक बटण असतें. सिनेमांत टांग्याचें चाक उलटें फिरतांना आपण पाहिलें आहे. चित्रें पुरेशा वेगानें घेतलीं नाहींत म्हणजे डोळ्यांची अशी फसगत होते. आवाज फाडतांना उत्पन्न होणारे अति उंच स्वरहि ४८,००० नमुन्यांत मावत नाहींत आणि उलटे फिरून खालीं भलत्याच सुरांत उतरतात. तें बटण चौपट किंवा आठपट केलें कीं ही बाधा पुष्कळ कमी होते. संगणक जुना असेल तर वाजवितांना तें बंद ठेवून शेवटच्या मुद्रणाचे वेळीं चालू करावें.

यापुढचा भाग स्पीकरच्या पेटीचा, आणि खरें सांगावयाचें तर सगळा स्वभाव येथेंच आहे. लोणारच्या दैत्यसूदनासारख्या जुन्या दगडी देवळाच्या मंडपांत उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळी क्षणांत संपते, पण दगड तिला आपापल्या परीनें उत्तर देत राहतात. त्या उत्तरांत त्या मंडपाची सारी कुंडली लिहिलेली असते. ही एक टाळी आणि तिचें उत्तर मुद्रित करून ठेवलें, तर तेथें कधींहि न गेलेल्या गायकाचें गाणें आपणांस त्या मंडपांत गायिल्यासारखें ऐकवितां येतें. युक्ति अशी: गाणें म्हणजे दर सेकंदास ४८,००० लहानमोठ्या टाळ्याच होत, असें समजावयाचें, प्रत्येक टाळीला मंडपाचें तें उत्तर, तिच्या जोराच्या प्रमाणांत, जोडावयाचें, आणि सर्व उत्तरांची बेरीज करावयाची. या क्रियेस गणितांत कन्व्होल्यूशन म्हणतात, आणि टाळीच्या उत्तराला इंपल्स रिस्पॉन्स. स्पीकरची पेटी म्हणजे एक अगदीं लहान मंडपच. तिचें उत्तर फार लौकर संपतें. २,०४८ नमुने, म्हणजे सुमारें ४३ मिलिसेकंद, पुष्कळ झालें. तरीहि सरळ गुणाकार करीत बसलें तर सेकंदाला जवळजवळ दहा कोटि गुणाकार होतात. गणितज्ञांनीं त्यावर जवळच्या वाटा शोधून काढल्या आहेत, म्हणून साधा संगणकहि हें काम न कुरकुरतां करतो.

प्रत्यक्षांत टाळी वापरीत नाहींत, कारण ती दुबळी असते. खालच्या स्वरापासून वरपर्यंत एकसारखा चढत जाणारा सूर स्पीकरमधून वाजवितात, मायक्रोफोननें टिपतात, आणि मग गणितानें त्याची टाळी करून घेतात. इटलीच्या अँजेलो फरिना यांनीं २००० सालीं ही रीत मांडली, आणि आज सर्वत्र तीच रूढ आहे.

मग ध्वनिवर्धकाचीहि अशीच टाळी कां घेऊं नये? कारण तो टाळीशीं प्रामाणिक नाहीं. दुप्पट जोरानें टाळी दिली तर मंडप दुप्पट उत्तर देतो. ध्वनिवर्धक मात्र फाटतो, आणि निराळेंच बोलतो. म्हणून फाडण्याचें काम एका प्लगइननें करावयाचें आणि गाळण्याचें काम इंपल्स रिस्पॉन्सनें, अशी विभागणी पडली आहे. ताणलेला कागदी शंकूहि थोडासा अप्रामाणिक असतो, तेवढें आपण सोडून देतों.

या विभागणीमुळेंच दोन घोटाळे नेहमीं होतात. ध्वनिवर्धकाच्या प्लगइनमध्यें पुष्कळदां आधींच एक पेटी चालू असते. तिच्यापुढें आपण दुसरी पेटी जोडली तर आवाज दोनदां गाळला जाऊन कोंदट होतो. उलट दोन्ही पेट्या बंद राहिल्या तर मघांचा डांसांचा थवा आहेच. पेटी एकच, आणि ती ध्वनिवर्धकाच्या नंतर. पेटीच्या फाइली शेंकड्यांनीं मिळतात, कांहीं फुकट, कांहीं विकत. त्यांच्या नांवांत स्पीकरची जात, मायक्रोफोनची जात आणि त्याची जागा लिहिलेली असते. मायक्रोफोन शंकूच्या मध्यावर रोखला तर आवाज लखलखीत येतो, कडेला सरकविला तर मऊ होत जातो. एका इंचाचा फरक ध्वनिवर्धकाच्या कोणत्याहि बटणापेक्षां मोठा असतो. म्हणून आवाज टोंचत असेल तर आधीं फाइल बदलावी, मग बटणाला हात लावावा. दोन फाइलींची तुलना करतांना त्यांचा जोर सारखा करून घ्यावा. नाहींतर जी मोठ्यानें वाजते तीच बरी वाटते, आणि निवड कानानें न होतां गोंगाटानें होते. तीन फाइली निवडाव्या, बाकीच्या पुसून टाकाव्या. पांचशें फाइलींचा संग्रह करणाऱ्यांच्या हातून गाणें क्वचितच पुरें होतें.

या सर्व पेट्या बहुतेक इंग्लंड-अमेरिकेच्या. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेला तो भोंगा, त्याचीहि टाळी घेतां येते, हें आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल. मिरवणुकींतून बँजो पार्टी जात असे, आणि बुलबुलतरंगाला पिकअप बसवून तो भोंग्यांतून किंचाळत असे, तेव्हां विजेची गिटार आणि तिचा फाटका आवाज आपल्या गांवांत आपल्या पद्धतीनें येऊन गेलाच होता. आतां मोठमोठ्या डीजेच्या भिंतींनीं त्याला मागें सारलें आहे. मांडववाल्याकडे अजून एखादा जुना भोंगा असेल तर पहांटे वारा पडलेला असतांना तो गांवाबाहेरच्या मोकळ्या शेतांत न्यावा, तिकाटण्यावर बांधावा, त्याच्याच ध्वनिवर्धकानें चढता सूर वाजवावा. आवाज हळू ठेवावा, कारण तो फाटला तर टाळी खोटी येते. दोन फुटांवर मायक्रोफोन धरून तीन-चार वेळां मुद्रण करावें, आणि त्यांतलें ज्यांत कुत्रें भुंकलें नाहीं तें ठेवावें. मोकळें शेत एवढ्याकरितां कीं भिंतींचें उत्तर त्यांत मिसळूं नये. चढत्या सुराची टाळी करणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात. निघालेली फाइल पन्नास मिलिसेकंदांवर कापून, ४८,००० नमुने व चोवीस बिट अशा रीतीनें सांठवावी. मग गिटार तिच्यांतून वाजवून पाहावी. खालचे स्वर गेलेले असतील, मधला नाकांतला सूर पुढें आलेला असेल. ठेक्याच्या गाण्यांत, एखाद्या ओळीपुरता, हा आवाज इतर कोणत्याहि पेटीला द्यावयाचा नाहीं.

आतां विजेचा त्रास. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची, आणि तिची गुणगुण पिकअपला फार लौकर ऐकूं येते. घरांत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो मध्यम वेगावर सर्वांत जास्त खरखर करतो. पंखा पूर्ण वेगानें सोडला तर ती बरीच कमी होते. वैशाखांत वऱ्हाडांतल्या माणसास पंखा बंद करून वाजवा असें सांगणें हा छळ आहे, म्हणून पूर्ण वेगाचीच तोड बरी. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला कीं स्वस्त बनावटीच्या इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड असते आणि गुणगुणीचें गुरगुरणें होतें. अशा वेळीं लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करावें. पुष्कळदां आश्चर्य वाटावें इतकी शांतता होते. गिटार धरून जागच्या जागीं वळून पाहावें, एका दिशेला गुणगुण कमींत कमी होते. तेथेंच खुर्ची मांडावी. उरलेल्या खरखरीसाठीं नॉइज गेट नांवाचें दार ध्वनिवर्धकाच्या आधीं लावावें, आणि तें फार घट्ट लावूं नये, नाहींतर स्वर विझतां विझतां मध्येंच मान मुरगळल्यासारखा तुटतो.

गुणगुण घालविण्यासाठीं प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापणारे लोक आहेत. हें कदापि करूं नये. गिटारच्या तारा त्याच जोडणीला बांधलेल्या असतात. चार्जरमध्यें किंवा ध्वनिवर्धकांत बिघाड झाला तर ती वीज वाजविणाऱ्याच्या बोटांतून जमिनीला जाते, आणि तींत जीवहि जातो. घराचें अर्थिंगच सुकलेलें असेल तर तें दुरुस्त करावें. कोळसा व मीठ घातलेल्या त्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी ओतावें लागतें, हें जुने वायरमन जाणतात. उत्तम मुद्रणाची तयारी कधीं कधीं अंगणांत बादलीभर पाणी ओतण्यापासून होते.

मुद्रण करतांना ऐकावें रंगविलेलें, पण सांठवावें कोरें. प्लगइन ऐकण्याच्या मार्गावर ठेवलें म्हणजे फाइलीवर फक्त तारेचा अबोल आवाज उतरतो, आणि ध्वनिवर्धक व पेटी पुढें केव्हांहि बदलतां येतात. वादन चांगलें झालें आणि रंग बिघडला, तर वादन वांचतें. ही सोय खऱ्या ध्वनिवर्धकापुढें मायक्रोफोन धरणाऱ्यास सहजासहजीं मिळत नाहीं. उजव्या-डाव्या बाजूंस दोन गिटारी हव्या असतील तर तोच भाग दोनदां वाजवावा; एकाच मुद्रणाची प्रत करून दुसरीकडे ठेवली तर ती रुंद होत नाहीं, नुसती मोठी होते. पेटीच्या नंतर ८० ते १०० कंपनांखालचा भाग कापावा, तेथें ढोलकीचा डग्गा आणि बास यांना जागा लागते. वर ७,०००-८,००० च्या पुढें कांहीं उरलें असेल तर तेंहि हलक्या हातानें उतरवावें.

मिश्रणासाठीं काम पुण्या-मुंबईला कोणाकडे पाठवावयाचें असेल तर प्रत्येक वादनाच्या दोन फाइली पाठवाव्या, एक कोरी आणि एक आपण रंगविलेली, दोन्ही गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू होणाऱ्या, मध्यें कितीहि वेळ शांतता असली तरी. फाइलीच्या नांवांत गाण्याचा वेग, नमुन्यांची संख्या आणि वापरलेल्या पेटीचें नांव लिहावें. आणि ती पेटी म्हणजे शिवारांत बांधलेला भोंगा असेल तर त्याची टाळीहि सोबत जोडावी, कारण ती त्यांच्याकडे सहसा असणार नाहीं.